सावर फुलली की पन्हाळ्याला चला: फाल्गुनातल्या सकाळी डोंगरावर पक्षी कसे बघायचे

पन्हाळ्याला मी शाळेपासून जातोय. चढलोय, पळालोय, पावसाळ्यात पावनखिंडीच्या वाटेनं चिखल तुडवत गेलोय, झुणका-भाकर खाऊन तटावर झोपलोयसुद्धा. पण तिथं एवढे पक्षी आहेत हे मला पस्तिशीत कळलं, आणि तेही पाय मुरगळला म्हणून. आम्ही पाचजण मसाई पठाराकडे निघालो होतो. पुसाटी बुरुजाच्या अलीकडेच माझा पाय गेला. सोबत्यांनी मला एका फुललेल्या सावरीसमोर दगडावर बसवलं, 'आलोच आम्ही' म्हणाले आणि चार तासांनी आले. तेवढ्या वेळात त्या एका झाडावर मी सतरा प्रकारचे पक्षी मोजले, निम्म्यांची नावं माहीत नसताना. तुम्ही काय बघितलं म्हणून विचारलं, तर घामाघूम मंडळी म्हणाली, एक घार आणि एक लांडोर.

तेव्हापासून माझा एकच हेका आहे. पक्षी बघायचे असतील तर डोंगर सर करायचा नाही, डोंगरात जाऊन थांबायचं. आपल्या कोल्हापूरकरांना हे जड जातं. आपण तालमीच्या वळणाची माणसं. चढ दिसला की जोर मारल्यासारखा संपवून टाकतो. खाली जे काही सांगतोय ते सगळं या खोडीवरचं औषध आहे.

कधी जायचं

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत, म्हणजे माघ सरता सरता निघायचं आणि गुढी उभी राहीपर्यंत जात राहायचं. हे सहा आठवडे मी वर्षभर राखून ठेवतो. डिसेंबरातही पक्षी भरपूर असतात, पण गप्प असतात आणि पानाआड असतात. एप्रिलमध्ये साडेआठलाच ऊन डोक्यावर येतं आणि थंडीत आलेले पाहुणे परतीला लागलेले असतात. या मधल्या दिवसांत मात्र सगळं जुळून येतं. पानगळीनं झाडं उघडी पडलेली असतात. उत्तरेकडून आलेले राखी कोतवाल, करडे धोबी, नीलांग, इवलेसे हिरवट वटवट्ये अजून इथंच असतात. इथले कायमचे रहिवासी, म्हणजे दयाळ, बुलबुल, शिंजीर, तांबट, जोड्या जमवायच्या नादात मोकळ्या फांदीवर बसून गळा काढतात. आणि पळस, पांगारा, सावर फुललेले असतात, त्यामुळं पक्ष्यांना शोधत फिरायची गरजच उरत नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर कोल्हापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मार्च संपताना साडेसहाच्या. त्याच्या अर्धा तास आधी जागेवर पोचलेलं असायला हवं. शहरातून पन्हाळा वीसेक किलोमीटर, म्हणजे साडेपाचला गाडीला किक बसली पाहिजे. 'सातला निघू' म्हणणाऱ्या मित्राला सरळ नाष्ट्याला बोलवा.

वारही बघून ठरवा. जोतिबाच्या डोंगरावर रविवारी भाविकांची रीघ असते, आणि चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला तर लाखोंचा गुलाल. त्या दिवशी 'चांगभलं' म्हणायला जावं, पक्षी बघायला नको. पन्हाळ्यावर शनिवार-रविवारी नऊनंतर पर्यटकांच्या गाड्या चढायला लागतात, पण तोवर आपलं काम झालेलं असतं.

कुठं जायचं

पहिल्या खेपेला पन्हाळाच. आंबा घाट, दाजीपूर ऐकून तोंडाला पाणी सुटतं हे मान्य. पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरली, त्यांत दाजीपूरचं आपलं राधानगरी अभयारण्य आहे. पण घनदाट जंगलात पक्षी ऐकू येतात शंभर आणि दिसतात चार. नवख्या माणसाची तिथं निराशा होते, आणि एकदा निराश झालेला माणूस दुर्बीण कपाटात टाकतो ती कायमची. दोन वसंत पन्हाळ्यावर काढा, कानाला आवाज बसू द्या, मग दाजीपूरला मलबारी धनेश आणि रानकोंबडा बघायला जा.

पन्हाळ्याची गंमत अशी की गाडी वरपर्यंत जाते आणि अर्ध्या तासाच्या अंतरात तीन तऱ्हेच्या जागा मिळतात: तबक उद्यानाकडची गर्द सावली, तटाखालचा कडा, आणि पुसाटी बुरुजाकडची उघडी, खुरट्या झाडांची उतरण. शेजारचा पावनगड त्याहून निवांत. मसाई पठार मी तिसऱ्या-चौथ्या खेपेला सुचवेन.

एक बारकावा मात्र पहिल्याच दिवशी पाळा. सकाळी गडाच्या पश्चिम अंगाला राहायचं, म्हणजे तीन दरवाजा, पुसाटी बुरूज या बाजूला. सूर्य आपल्या पाठीमागून चढतो आणि समोरच्या झाडांवर ऊन पडतं. सज्जा कोठी पूर्वेच्या अंगाला आहे. सकाळी तिथून खाली बघाल तर उजेड डोळ्यात आणि प्रत्येक पक्षी कोळशाचा तुकडा. तिकडं संध्याकाळी जा.

आदल्या रात्रीची तयारी

दुर्बीण घ्यायची तर आठ बाय बेचाळीसची. पहिला आकडा म्हणजे पक्षी किती पट जवळ दिसतो, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार दहा पटीची, बारा पटीची गळ्यात मारू बघतो. पट वाढली की हाताचा कंपही तेवढ्याच पटीनं वाढतो आणि दिसणारं वर्तुळ आकसतं. फांद्यांतून उड्या मारणारा वटवट्या त्या आकसलेल्या वर्तुळात सापडत नाही. बेचाळीसला आठानं भागलं की सव्वापाच येतात. डोळ्यापाशी तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका येतो आणि पहाटेच्या अंधुकात तोच कामाला येतो.

नवी दुर्बीण घेतलेल्यांपैकी बहुतेकजण ती डोळ्यांना जुळवूनच घेत नाहीत आणि मग 'डोकं दुखतं' म्हणतात. हे काम घरीच, गच्चीवरून करा. समोरच्या टाकीवरची अक्षरं धरा. उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवा, डाव्या डोळ्याला अक्षरं स्वच्छ दिसेपर्यंत. मग डावा डोळा मिटा, चाकाला हात लावू नका, उजव्या नळीवरची कडी फिरवून उजव्या डोळ्याला तीच अक्षरं स्वच्छ करा. कडीची ती खूण लक्षात ठेवा. पुढं फक्त चाक फिरवायचं. चष्मा असेल तर डोळ्यापाशी येणारे रबरी कप आत फिरवून बसवा आणि चष्म्यावरूनच बघा.

दुर्बीण नसेल तरी या, हेही सांगून ठेवतो. मी त्या सतरा पक्ष्यांच्या दिवशी नुसत्या डोळ्यांनी बसलो होतो.

कपडे मळखाऊ, मातकट, पानाच्या रंगाचे. पांढरा शर्ट नको, फडफडणारं विंडचिटर नको. पायात बूट. आपली कोल्हापुरी कितीही लाडकी असली तरी ती करकर वाजते, आणि मुद्दाम वाजावी म्हणूनच बनवून घेतलेली असेल तर भारद्वाज तुमच्या आधी बुधवार पेठेत पोचेल. अत्तर, सेंट काही लावू नका. कारण पुढं येईल. खायला वेफर्सच्या पुड्या नकोत, त्यांच्या चुरचुरीनं झाड रिकामं होतं. केळी, शेंगदाण्याचा लाडू, दोन लिटर पाणी. एक खिशातली वही आणि शिसपेन्सिल. पेनाची शाई दवात पसरते.

उजाडण्याआधी

गाडी लावल्यावर लगेच चालायला लागू नका. इंजिन बंद करा, बोलणं बंद करा आणि दहा मिनिटं उभे राहा. अंधारात पक्षी एका क्रमानं उठतात, तो क्रम एकदा कानात बसला की मजा येते.

सगळ्यात आधी रातवा, जो खरं तर झोपायला निघालेला असतो. 'चक्‌ चक्‌ चक्‌ चर्रर्र', फरशीवर गोटी टाकली की ती उड्या मारत थांबते तसा. मग पिंगळ्यांचं शेवटचं भांडण. जरा फटफटलं की दयाळ; उंच शेंड्यावरून, सावकाश, मधे थांबत, गवई आलाप घेतो तसा. दरीतून मोराची हाक. मग बुलबुल एकदम दहा-बारा जागांवरून सुरू होतात आणि त्यानंतर कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही.

या कोलाहलात एक आवाज सारखा येत राहील: 'कुटर्रूक, कुटर्रूक, कुटर्रूक'. हा पांढऱ्या गालाचा तांबट. एकानं सुरू केलं की पुढच्या झाडावरचा उचलतो, त्याच्यापुढचा त्याचं, आणि पाच मिनिटांत अख्खी दरी कुटरुकायला लागते. रंग पानासारखाच हिरवा, त्यामुळं समोर बसला तरी सापडत नाही. त्याच्या मागं लागू नका. त्याचा छोटा भाऊबंद तांबट आधी बघा, तो सोपा. 'टुक्‌ टुक्‌ टुक्‌' असा ठोका मिनिटाला शंभराच्या वर जातो, आणि थंड सकाळी तो सगळ्यात उंच निष्पर्ण फांदीच्या टोकाला ऊन खात बसतो. चिमणीहून जरा थोराड, कपाळ लालभडक, डोळ्याभोवती पिवळं. दुर्बिणीतून बघा: चोच मिटलेली, पण प्रत्येक टुकला गळा फुगतो. हाक मारताना मान इकडून तिकडं वळवतो, म्हणून आवाज कधी डावीकडून तर कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो. माणसं भलत्याच झाडाखाली उभी राहून शोधत बसतात, त्याचं कारण हे.

चालायचं कसं

दहा पावलं चाला, थांबा, अर्धा मिनिट ऐका. परत दहा पावलं. या हिशोबानं किलोमीटरला दीड तास लागतो. तुम्हाला एक तास लागला तर तुम्ही घाई केलीत.

हालचाल दिसली की दुर्बीण शोधत खाली बघू नका. नजर पक्ष्यावर रोखून ठेवा आणि दुर्बीण उचलून डोळे आणि पक्षी यांच्यामध्ये आणा. सुरुवातीला जमत नाही. घरी कावळ्यांवर सराव करा, कावळे त्यासाठीच असतात. सोबत्याला दाखवताना 'तो बघ, तो बघ' करत बोट नाचवू नका. झाडाला घड्याळ समजा: शेंडा बारा, उजवी बाजू तीन, खोड सहा. 'दोन वाजता, वाळक्या फांदीच्या मागं' म्हटलं की माणूस लगेच बरोबर जागी बघतो.

एखाद्या सावलीच्या वळणावर बराच वेळ काहीच नसतं आणि अचानक सगळीकडं लगबग सुरू होते. निखार, नाचण, वल्गुली, चष्मेवाले, वटवट्ये असे वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र टोळीनं किडे टिपत जात असतात. एकाच्या हालचालीनं उठलेला किडा दुसऱ्याला मिळतो. अशा टोळीच्या मागं धावू नका. ती कुठल्या दिशेला सरकतेय ते बघा, लांबून वळसा घालून पुढं जाऊन बसा, टोळी तुमच्या डोक्यावरून जाईल. मार्च सरकत जातो तशा या टोळ्या फुटतात, कारण जो तो आपल्या संसाराला लागतो.

एक झाड धरून बसणं

आता मुख्य गोष्ट. फुललेली सावर शोधायची. काटेसावरीला या दिवसांत एकही पान नसतं, नुसत्या आडव्या फांद्या आणि त्यांवर तळहाताएवढी लाल फुलं. पाच जाड, मांसल पाकळ्यांचा पेला असतो आणि पेल्यात मध. लांबून ओळखायची तर खाली लाल सडा आणि वर गोंधळ.

डोंगराचा फायदा इथं आहे. वाटेच्या खालच्या अंगाला, उतारावर उगवलेली सावर निवडा. तिचा शेंडा तुमच्या डोळ्यांच्या पातळीत येतो. सपाटीवरच्या झाडाखाली मान वर करकरून अर्ध्या तासात मणका आखडतो आणि दिसतात फक्त पोटं. उताराच्या झाडावर पक्ष्याची पाठ, चेहरा, डोळा दिसतो. झाडापासून पंचवीस-तीस पावलं दूर, ऊन पाठीशी, मागं झुडूप किंवा कातळ असेल अशी जागा घ्या, म्हणजे आकाशावर तुमचा आकार उठून दिसत नाही. बसा. पहिली दहा मिनिटं झाड रिकामं होईल. होऊ द्या.

मग परत येतो तो शिपाई बुलबुल. उभी काळी शेंडी, गालावर पांढरं, डोळ्यामागं लाल ठिपका. त्याला कुणाचीच भीती नसते. त्याच्यामागून चष्मेवाल्यांचं टोळकं येतं, पिवळट-हिरवे, डोळ्याभोवती पांढरी कडी, एका फुलात दोघं-दोघं डोकं घालतात. शिंजीर फुलाच्या देठाला उलटा लटकतो. जांभळ्या शिंजिराचे नर या दिवसांत उन्हात निळे-जांभळे चमकतात, पण फेब्रुवारीत एखादा अजून कपडे बदलत असतो: पोट पिवळट, आणि गळ्यापासून छातीपर्यंत मधोमध एक काळा पट्टा, टाय बांधल्यासारखा. नवख्याला ही वेगळीच जात वाटते.

आठच्या पुढं मोठी गिऱ्हाइकं येतात. जंगली मैना बघाच. साळुंकीसारखीच, पण डोळ्याभोवतीचं पिवळं कातडं नाही आणि चोचीच्या मुळाशी पिसांचा एक छोटा झुपका. तो झुपका फुलात शिरून निघतो तेव्हा परागानं माखलेला असतो. झाडाचं काम असं होतं. आपल्या भागातल्या या मैनेचा डोळा फिकट निळसर असतो, उत्तरेतल्यांचा पिवळा. आपल्याकडच्या उपजातीच्या शास्त्रीय नावातच 'माहराट्टेन्सिस' आहे, म्हणजे मराठी मुलखातली. कर्नल साइक्सनं १८३२ मध्ये ते नाव दिलं. तेच बिरुद मिरवणारा एक सुतारही आहे, मराठा सुतार, कपाळावर पिवळसर; खोडावर खरखर ऐकू आली तर काट्यांच्या मधून तोच वर चढत असेल.

भोरड्या आल्या की समजतंच. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, शंभर-दोनशेचा थवा, आणि सगळ्या एकाच वेळी बोलतात. एसटी स्टँडवर सुट्टीच्या दिवशी गाडी लागल्यावर होतं तसं. एप्रिलात त्या मध्य आशियाकडे परततात, म्हणून आता पोट भरून घेण्याची घाई.

आणि हरेवा. पानासारखा हिरवा, गळा काळा, मैनेहून लहान पण भांडखोर इतका की झाडाचा सातबारा त्याच्या नावावर आहे असं वाटावं. बुलबुलांना हाकलतो, शिंजिरांना हाकलतो. शिवाय नकलाकार. कोतवालाचा आवाज काढेल, शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्याचा काढेल. मोबाइलवर 'मर्लिन' नावाचं ॲप आवाजावरून पक्षी ओळखतं. चांगलं आहे, घरूनच भारताचा संच उतरवून घ्या. पण हरेवा नाहीतर भृंगराज जवळ असेल तर ते हमखास फसतं. त्यानं शिक्रा सांगितला तरी डोळ्यांनी दिसेपर्यंत वहीत लिहू नका.

बसल्या जागी खाली जमिनीकडेही बघत राहा. वरून पोपट फुलं कुरतडून टाकतात, 'थप्‌' असा आवाज होतो. जांभळ्या डोक्याचे टुइया पोपट असतील तर उडताना 'टुई-टुई' करत जातात, साध्या पोपटासारखा कर्कश ओरडा नाही. पालापाचोळ्यात सातभाई उलथापालथ करत असतात. भारद्वाज दिसला तर आजी म्हणायची तसं शुभ मानायला हरकत नाही, मी मानतो.

हा कोण?

पुस्तक उघडायच्या आधी चार गोष्टी मनात पक्क्या करा, कारण पान उलटेपर्यंत पक्षी गेलेला असतो. आकार: चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? चोच: दाणे फोडायची जाड, मध प्यायची वाकडी, किडे टिपायची बारीक? शेपटी: लांब, आखूड, दुभंगलेली, सारखी हलणारी? आणि करतोय काय? रंग सगळ्यात शेवटी. उजेड बदलला की रंग बदलतो, सवय बदलत नाही. एका फांदीवरून उडून माशी पकडून परत त्याच फांदीवर येणारा पक्षी माशीमाराच्या नाहीतर कोतवालाच्या घरचा.

हमखास गोंधळ होतो तो दयाळ आणि चिरक यांत. दोन्ही काळे, दोन्ही शेपटी उभी धरतात. दयाळाच्या पंखावर लांब पांढरा पट्टा आणि पोट पांढरं. चिरक लहान, दगडधोंड्यांत जमिनीवर, शेपटीखाली विटकरी. शिक्रा आणि पावशाही एकसारखे दिसतात. पण मार्चअखेर 'पेर्ते व्हा' ऐकू आलं तर तो पावशा, वाद मिटला.

नऊनंतर मान वर

ऊन तापलं की झाडं शांत होतात. बहुतेकजण इथं आवरतं घेतात आणि गरुड हुकवतात. कातळ तापून हवा वर चढायला लागते, त्या हवेवर पंख न हलवता मोठे पक्षी चढतात. पुसाटी बुरुजाकडं किंवा तीन दरवाजाच्या अंगाला सावलीत बसा आणि दरीवरचं आकाश धुंडाळा. लांब, चिरकी शीळ ऐकू आली तर तुरेवाला सर्पगरुड. खालून बघताना पंखांच्या कडेला समांतर रुंद पांढरा पट्टा. हवेत एकाच जागी पंख फडफडवत टांगल्यासारखी थांबलेली ती खरूची. कड्याला घासून गिरक्या घेणाऱ्या राखाडी भिंगऱ्या तर दिवसभर असतात.

मसाई पठारावर गेलात तर हिशोब उलटा: तिथं वर नाही, पायाखाली बघायचं. चंडोल, टिटवी यांची घरटी म्हणजे जमिनीवरचा नुसता खळगा, अंडी खड्यांच्या रंगाची. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली तर तुम्ही तिच्या अंड्यांजवळ आहात. आल्या पावली मागं फिरा. घरट्याचे फोटो काढू नका, पक्ष्याला बोलवायला मोबाइलवर त्याचा आवाज लावू नका. विणीच्या दिवसांत तो बिचारा खाणंपिणं सोडून नसलेल्या शत्रूशी भांडत बसतो. अंड्यांना, घरट्यांना हात लावणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाही आहे.

जपून

बिबट्याची भीती सगळ्यांना असते, मला आग्या मोहोळाची वाटते. गडाच्या कड्यांना, बुरुजांना, उंच झाडांना ही पोळी लटकलेली असतात. सेंट, धूर, आरडाओरडा, दगड यांपैकी काहीही नको. माशा उठल्याच तर हातवारे करत उभे राहू नका. तोंड कापडानं झाका आणि सरळ लांब पळा, शक्यतो बंद गाडीत नाहीतर घरात.

गवा दिसला तर थांबा, त्याला वाट मोकळी ठेवून हळूहळू मागं सरका. कळपात वासरू असेल तर लांबूनच रामराम. कड्याच्या काठावर दुर्बीण डोळ्याला लावून एक पाऊलही टाकायचं नाही. आधी दुर्बीण खाली, मग पाय. हे मी फार गंभीरपणे सांगतोय.

आणि वणवा. याच दिवसांत गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि कुणीतरी काडी लावतं. नवं गवत चांगलं येतं हा जुना समज. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी नेमके तेव्हा घरट्यावर असतात. एकदा मी शुक्रवारी चंडोलांची जोडी बघून आलो आणि रविवारी मित्राला दाखवायला नेलं, तर ती उतरण काळी. धूर दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, जागा नीट सांगा.

वही

साडेनऊ-दहाला गडावरच्या एखाद्या मावशीच्या चुलीशी बसा. पिठलं, भाकरी, ठेचा, दही. भाकरी येईपर्यंत वही पुरी करायची, कारण कोल्हापुरात उतरेपर्यंत अर्धं विसरतं. तारीख, वेळ, जागा, ढग की ऊन; मग पक्षी आणि आकडे. 'भरपूर बुलबुल' नाही, 'बुलबुल, वीस-बावीस'. कुठलं झाड फुललं होतं तेही. घरी जाऊन हीच यादी 'ई-बर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवलीत तर ती पुढं अभ्यासकांना वापरता येते, आणि तुम्हालाही मागच्या वर्षी पहिला पावशा कोणत्या तारखेला ओरडला ते सापडतं.

जो ओळखला नाही त्याचंही वर्णन लिहा आणि पुढं प्रश्नचिन्ह टाका. अंदाजानं नाव ठोकू नका. माझ्या त्या पहिल्या दिवशीच्या कागदावर, जो खरं तर बिस्किटाच्या पुड्याचा आतला भाग आहे, अशी आठ प्रश्नचिन्हं आहेत. 'गळ्यावर काळी रेघ, चोच वाकडी, उलटा लटकतो?' याला शिंजीर म्हणतात हे कळायला मला पुढचा फेब्रुवारी उजाडला. सात सुटली. आठवं अजून तसंच आहे: 'करडा, शेपटी हलवत नाही, एकदाच आला.' यंदा सावर जरा उशिरा फुललीय, पुढच्या शनिवारी परत जातोय.